साक्षीदार आणि स्तुतिपाठक

ज्येष्ठ कलावंताच्या नव्या कृतीचे परीक्षण करणे हे समीक्षेतील एक अवघड काम आहे. नवोदिताच्या बाबतीत परीक्षकापुढे केवळ कृती असते. ज्येष्ठाच्या बाबतीत मात्र कृतीबरोबर तीस-चाळीस वर्षांची कीर्ती, तिच्याभोवती जमलेल्या आठवणी आणि पुष्कळदा परीक्षकाचे स्वतःचे तारुण्यही समोर येऊन उभे राहते. हे सर्व बाजूला सारून कानाला जे ऐकू येते तेवढेच लिहिणे कितपत शक्य आहे, आणि ते शक्य नसेल तर अशा परीक्षणावर वाचकाने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न कोणत्याही कलेच्या संदर्भात विचारता येईल. परंतु इंग्लंड-अमेरिकेतील रॉक संगीताच्या नियतकालिकांत तो विशेष उघडपणे दिसतो. याचे कारण असे की, हे संगीत जन्माला आले ते तारुण्याचे संगीत म्हणून. त्याचे निर्माते मात्र इतर माणसांप्रमाणेच वृद्ध झाले. त्यांच्याबरोबर त्यांचे परीक्षकही वृद्ध झाले, आणि त्या परीक्षकांची नियतकालिकेही.

1967 साली यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक सुरू केले. ज्या काळात वृत्तपत्रे रॉक संगीताकडे पोरांचा गोंगाट म्हणून पाहत होती, त्या काळात या संगीतावर गांभीर्याने लिहिले जावे, ही त्यामागची भूमिका होती. चौतीस वर्षांनी, 2001 साली, ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश वृंदाचा गायक मिक जॅगर याची ‘गॉडेस इन द डोअरवे’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे परीक्षण स्वतः वेनर यांनी लिहिले आणि तिला पाचपैकी पाच तारे दिले. जॅगर त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा होता, आणि त्याची व वेनर यांची मैत्री जुनी होती. जॅगरचाच सहकारी कीथ रिचर्ड्स याने त्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकाचे जाहीर आणि अत्यंत अशिष्ट विडंबन केले. आज त्या ध्वनिमुद्रिकेतील गाणी फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. ते पाच तारे मात्र स्मरणात राहिले आहेत. ज्येष्ठांच्या परीक्षणांवर विश्वास ठेवता येत नाही असे ज्यांना म्हणायचे असते, त्यांच्या हाती हे उदाहरण आयतेच सापडते.

या उदाहरणावरून निघणारा पहिला निष्कर्ष म्हणजे परीक्षकांची निष्ठा विकली गेलेली असते. त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही. रॉक संगीताचे नियतकालिक ज्या रेकॉर्ड कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांची परीक्षा करते, त्यांच्याच जाहिरातींवर ते बऱ्याच अंशी चालत आले आहे. ज्येष्ठ कलावंताचे छायाचित्र मुखपृष्ठावर आले की अंक खपतो, आणि त्या छायाचित्रासाठी व मुलाखतीसाठी कलावंताची मर्जी सांभाळावी लागते. 1996 साली जिम डेरोगॅटिस या समीक्षकाने ‘हूटी अँड द ब्लोफिश’ या त्या वेळी अफाट खपणाऱ्या वृंदाच्या नव्या ध्वनिमुद्रिकेवर ‘रोलिंग स्टोन’साठी प्रतिकूल परीक्षण लिहिले. ते छापले गेले नाही. त्याच्या जागी दुसऱ्याचे अनुकूल परीक्षण आले. डेरोगॅटिसने ही गोष्ट दुसऱ्या एका पत्राजवळ बोलून दाखवली, आणि त्याची नोकरी गेली. तो वृंद ज्येष्ठ नव्हता. परंतु खप आणि मत यांचे नाते कसे असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

तथापि हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. वेनर यांना त्या परीक्षणासाठी कोणी पैसे दिले असतील असे मानण्याचे कारण नाही; नियतकालिकच त्यांचे होते. अधिक संभव असा, की त्यांना ती ध्वनिमुद्रिका खरोखरच फार आवडली. ज्याच्या आवाजाने एखाद्याच्या विशीला अर्थ दिला, त्याचा आवाज पन्नाशीनंतर पुन्हा कानी पडला की गाणे चांगले वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. येथेच प्रश्न गुंतागुंतीचा होतो. लबाड साक्षीदार ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण त्याचा हितसंबंध शोधून काढता येतो. प्रामाणिक असूनही ज्याची साक्ष चुकते, त्याचे काय करावे?

शिवाय चूक एकाच दिशेने होते असेही नाही. 1969 साली ‘लेड झेपलिन’ या वृंदाच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण करताना ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन मेंडेलसन याने तिची बरीच संभावना केली. 1972 साली त्याच नियतकालिकात ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’बद्दल लेनी के याने हातचे राखून लिहिले. आणि 2003 साली याच नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ पाचशे ध्वनिमुद्रिकांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा ‘एक्झाइल’ सातव्या स्थानावर होती. या निंदेमागे कोणाची जाहिरात नव्हती, की कोणाची मैत्री आड आली नव्हती. परीक्षक तरुण होते, निर्भय होते, आणि तरीही पुढील काळाने त्यांचा निकाल फिरवला. इंग्लंडमध्ये 1976 साली ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने जाहिरात देऊन बेधडक तरुण लेखक मागवले. टोनी पार्सन्स आणि ज्यूली बर्चिल हे त्यातूनच पुढे आले. पंक संगीताच्या त्या दिवसांत जुन्या वृंदांना कालबाह्य महाकाय प्राणी म्हणून हिणवणे ही जणू रीतच झाली होती. वृद्धांची स्तुती जशी सवयीने करता येते, तशीच त्यांची हेटाळणीही सवयीने करता येते. कान दोन्ही वेळा सारखेच मिटलेले असतात.

सवयीने केलेल्या स्तुतीची एक ठरावीक भाषा असते, आणि तिचे तर्कशास्त्र तपासण्याजोगे आहे. ‘रोलिंग स्टोन्स’ची नवी ध्वनिमुद्रिका आली की ती 1978 सालच्या ‘सम गर्ल्स’नंतरची सर्वोत्तम आहे असे म्हटले जाते. डेव्हिड बोवीच्या बाबतीत हा मान अनेक वर्षे 1980 सालच्या ‘स्केअरी मॉन्स्टर्स’ला मिळत होता, आणि बॉब डिलनच्या बाबतीत 1975 सालच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ला. हे विधान एकदा केले तर त्याला अर्थ असतो. परंतु दर चार-सहा वर्षांनी ते नव्याने करता येऊ लागले, की त्याचा अर्थ असा होतो: मागच्या वेळी ज्या ध्वनिमुद्रिकेला हेच शब्द लावले होते, ती या ध्वनिमुद्रिकेपेक्षा उणी होती, आणि तिच्या आधीची तिच्याहूनही उणी. म्हणजे मधली सारी वर्षे कलावंत सतत चढत राहिला आणि तरीही जुन्या शिखराच्या पायथ्याशीच राहिला. असे चढणे कोणत्याही डोंगरावर संभवत नाही. वस्तुतः हे वाक्य नव्या कृतीविषयी फारसे काही सांगतच नाही. ‘आमचे प्रेम अजून उरले आहे’, एवढेच ते सांगते, आणि जाता जाता ‘मधल्या काळात आम्ही जे सांगितले ते विसरा’ अशी विनंतीही करते.

तेव्हा ज्येष्ठांच्या परीक्षणावर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: रुचीच्या विषयात दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? इमॅन्युएल कांट याने 1790 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये या बाबतीत कठोर भूमिका घेतली आहे. एखादी कविता सुंदर आहे असे शंभर जणांनी सांगितले, तरी ज्याला ती सुंदर वाटली नाही त्याच्यावर तसे मानण्याची सक्ती होऊ शकत नाही. फार तर आपल्या रुचीला अजून पुरेसे वळण लागलेले नसेल, अशी शंका तो घेऊ लागेल. नदीला पूर आला आहे हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळू शकते. गाणे सुंदर आहे हे तसे कळत नाही. ही भूमिका मान्य केली तर पाच तारे काय किंवा एक तारा काय, दोन्ही निरर्थक ठरतात.

डेव्हिड ह्यूमने 1757 साली रुचीच्या निकषावर लिहिलेल्या निबंधात थोडी अधिक आशा बाळगली होती. सूक्ष्म संवेदना, अभ्यास, तुलना, पूर्वग्रहांपासून मुक्ती आणि सुजाण बुद्धी हे गुण ज्यांच्या ठायी एकत्र येतात, अशा मोजक्या माणसांच्या एकमताला त्याने निकषाचे स्थान दिले. पण त्याच निबंधात त्याने एक अपवाद मोकळेपणाने मान्य केला आहे. विसाव्या वर्षी माणसाला ओव्हिड आवडतो, चाळिसाव्या वर्षी होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस. वयानुसार बदलणारी ही आवड दोषास्पद नाही, आणि तिचा निवाडा करता येईल असे कोणतेही माप नाही. ह्यूमने कल्पिलेला आदर्श परीक्षक कोणत्या वयाचा असावा, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. पंचविशीतील परीक्षकाने सत्तरीतील गायकाला ऐकणे आणि साठीतील परीक्षकाने त्यालाच ऐकणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असू शकतात.

या ठिकाणी भारतीय काव्यशास्त्रातील एका विचाराचे साहाय्य होते. दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे त्यांतील एक विघ्न होय. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाने भारलेला असेल, तर रंगमंचावरील सुखदुःखाला त्याच्या मनात जागा उरत नाही. साधारणीकरण घडतच नाही. जे घडते ते निव्वळ स्मरणरंजन. ज्येष्ठ रॉक कलावंताच्या परीक्षकाला हेच विघ्न सर्वाधिक ग्रासते. जॅगर गातो तेव्हा त्याला आपले महाविद्यालय, आपली पहिली बंडखोरी, आपले हरवलेले मित्र ऐकू येतात. तो भारावून लिहितो, आणि ज्या वाचकाच्या आयुष्यात त्या गोष्टी घडलेल्या नाहीत तो ध्वनिमुद्रिका विकत घेऊन बुचकळ्यात पडतो.

परंतु भूतकाळाला पूर्णपणे दाराबाहेर ठेवावे असा जर यातून निष्कर्ष काढला, तर तोही चुकीचा ठरेल. काही कृतींत वय हेच द्रव्य असते. 1994 साली जॉनी कॅशने रिक रूबिन या निर्मात्याबरोबर ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत मुख्यतः आहे तो एक खोल, वयाने खरखरीत झालेला आवाज आणि एक गिटार. त्या आवाजातील वर्षे वजा केली तर मागे फार थोडे उरेल. 1997 सालच्या ‘टाइम आउट ऑफ माइंड’मध्ये डिलनचा आवाज झिजलेला आहे, आणि त्या झिजेतूनच गाण्यांना त्यांचा काळोख मिळतो. येथे भूतकाळ परीक्षकाने बाहेरून आणलेला नसतो. तो ध्वनीतच असतो, आणि ज्याने पूर्वी त्या गायकाचे एकही गाणे ऐकलेले नाही त्यालाही तो जाणवू शकतो. कोणता भूतकाळ गाण्यात आहे आणि कोणता केवळ ऐकणाऱ्याच्या मनात, हे वेगळे करता येणे हेच बहुधा अशा परीक्षणातील मुख्य कौशल्य असावे.

हा भेद किती नाजूक असतो, हे डेव्हिड बोवीच्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेने दाखवून दिले. ‘ब्लॅकस्टार’ 8 जानेवारी 2016 रोजी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील जॅझ वादकांना घेऊन ती केलेली होती. त्याला कर्करोग झाला आहे हे अगदी मोजक्या माणसांना ठाऊक होते. परीक्षकांना ते ठाऊक नव्हते. पहिली परीक्षणे त्या अज्ञानातच लिहिली गेली. त्यांतील बहुतेक अनुकूल होती. नव्या वादकांची, अनपेक्षित स्वररचनेची आणि गूढ शब्दांची ती चर्चा करत होती. 10 जानेवारीला बोवीचे निधन झाले. त्यानंतर त्याच गाण्यांतील प्रत्येक ओळ निरोपाची ओळ वाटू लागली, आणि त्यांना तसे न ऐकणे जवळजवळ अशक्य झाले. एका अक्षराचा किंवा एका सुराचा बदल न होता दोन दिवसांत कृती बदलली.

यांपैकी कोणत्या परीक्षणांवर विश्वास ठेवावा? नंतरच्या लेखनाजवळ अधिक माहिती होती, आणि बोवीचा हेतूही त्याला अधिक उमगला असेल. पण मृत्यूनंतर लिहिणाऱ्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य उरलेले नव्हते. शोकाच्या प्रसंगी गाण्यातील कच्च्या जागा दाखवणे हे असभ्यपणाचे ठरले असते. आधीच्या दोन दिवसांतील आणि त्यापूर्वीच्या परीक्षकांना ते स्वातंत्र्य होते, आणि तरीही त्यांनी अनुकूल लिहिले. त्यांच्या स्तुतीचे मोल यासाठी अधिक, की ती निंदाही होऊ शकली असती. ज्या लेखणीतून प्रतिकूल शब्द उमटणे शक्यच नाही, तिच्या अनुकूल शब्दाला साक्षीचे मूल्य राहत नाही. तो विधीचा भाग बनतो. स्तुतिपाठक खोटे बोलतोच असे नाही. पण राजा शूर असो वा भ्याड, त्याच्या तोंडचे शब्द तेच राहतात, आणि म्हणून त्या शब्दांवरून राजाविषयी काहीच कळत नाही.

येथे एक नैतिक आक्षेप संभवतो. ज्याने आयुष्यभर आनंद दिला, त्याच्या उतारवयातील सामान्य कृतीबद्दल दोन गोड शब्द लिहिले तर बिघडले कोठे? कृतज्ञता हाही सद्गुणच आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्याला तो कधीच जाणवत नाही अशा परीक्षकाकडे अन्य गुणही बेताचेच असण्याची शक्यता आहे. पण ही कृतज्ञता कोणाच्या खर्चाने व्यक्त होते, हेही पाहिले पाहिजे. 1969 पासून रॉबर्ट ख्रिस्टगाऊ ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ध्वनिमुद्रिकांना शाळेसारख्या श्रेणी देत असे, आणि त्या सदराचे नावच ‘ग्राहक-मार्गदर्शक’ या अर्थाचे होते. महिन्याकाठी एखादी ध्वनिमुद्रिका घेऊ शकणारा एखादा विद्यार्थी परीक्षकाच्या शब्दावर आपले पैसे लावत होता. परीक्षकाची कृतज्ञता त्या विद्यार्थ्याच्या खिशातून वसूल होत होती. त्याच आठवड्यात आलेल्या ज्या अनामिक नवोदिताला त्यामुळे जागा मिळाली नाही, त्याचेही देणे त्या कृतज्ञतेत बुडत होते.

दुसरी हानी अधिक खोल आहे, आणि ती होते स्वतः ज्येष्ठ कलावंताची. लहान मुलाने काढलेल्या चित्राला मोठी माणसे ‘वा, छान’ म्हणतात, कारण चित्र कसे आहे हा तेथे प्रश्नच नसतो. सत्तरीतील कलावंताला त्याच सुरात ‘वा, छान’ म्हणणे म्हणजे तो आता काही चांगले किंवा वाईट करू शकत नाही, केवळ असू शकतो, असे ठरवून टाकणे होय. आदराच्या वेषात आलेली ही उपेक्षाच असते. ज्याच्या गाण्याला ‘हे फसले आहे’ असे कोणी म्हणू शकत नाही, त्याचे गाणे कोणी ऐकत नाही. कठोर परीक्षणात निदान एवढी मान्यता असते की, समोरचा माणूस अजून जोखीम घेऊ शकतो, आणि म्हणून हरूही शकतो.

या दृष्टीने ग्रील मार्कस याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. 1970 साली डिलनची ‘सेल्फ पोर्ट्रेट’ ही दुहेरी ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा मार्कसने ‘रोलिंग स्टोन’मधील आपल्या दीर्घ परीक्षणाची सुरुवातच एका उर्मट प्रश्नाने केली. रॉक समीक्षेच्या इतिहासात तो प्रश्न प्रसिद्ध आहे. डिलनवर मार्कसचे प्रेम नव्हते असे नाही. पुढे त्याने त्याच्यावर ग्रंथ लिहिले. 2013 साली त्या काळातील अप्रकाशित आणि नंतर चढवलेल्या वाद्यांचा साज उतरवलेली ध्वनिमुद्रणे ‘अनदर सेल्फ पोर्ट्रेट’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासोबतचे टिपण लिहायला मार्कसलाच सांगण्यात आले. त्रेचाळीस वर्षांनी तोच माणूस त्याच गाण्यांकडे परतला. त्याचे पहिले परीक्षण बरोबर होते की चूक, हा प्रश्न येथे गौण आहे. त्याने पहिल्या वेळी जे ऐकले ते लिहिले होते, कारणांसह लिहिले होते, आणि म्हणूनच पुन्हा ऐकायला त्याच्याजवळ काहीतरी शिल्लक होते. ज्याने त्या वेळी सवयीने मान डोलावली असती, त्याला परत येण्याचे प्रयोजनच उरले नसते.

आता परिस्थिती पालटली आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवा आल्यापासून परीक्षण वाचण्यापूर्वीच वाचक ध्वनिमुद्रिका ऐकू शकतो. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ची छापील साप्ताहिक आवृत्ती 2018 साली थांबली, 1986 साली सुरू झालेले ‘क्यू’ हे मासिक 2020 साली बंद पडले. पैसे कशावर खर्च करावेत हे सांगणाऱ्याची गरज संपली, तेव्हा परीक्षणावरील विश्वासाचा प्रश्नही संपला असे काहींना वाटेल. प्रत्यक्षात तो आताच शुद्ध स्वरूपात पुढे आला आहे. ताऱ्यांची संख्या हे असे विधान आहे, जे वाचकाने केवळ मान्य किंवा अमान्य करायचे असते. याउलट ‘दुसऱ्या कडव्यात आवाज वरच्या स्वरापर्यंत पोचत नाही, आणि तेथेच ढोल पुढे आणून ती उणीव झाकली आहे’, हे विधान वाचकाला स्वतःच्या कानाने पडताळता येते. पहिल्या विधानावर विश्वास ठेवावा लागतो. दुसऱ्यावर ठेवलेला विश्वास गाणे सुरू होताच पूर्ण होतो किंवा मोडतो. कांटची अटही असे परीक्षण पाळते, कारण ते वाचकाचा निर्णय त्याच्याच हाती ठेवते आणि केवळ कोठे कान द्यावा ते सांगते.

2023 साली ‘रोलिंग स्टोन्स’ची ‘हॅकनी डायमंड्स’ प्रसिद्ध झाली. स्वतःच्या नव्या गाण्यांची त्यांची ही अठरा वर्षांतील पहिलीच ध्वनिमुद्रिका होती. जॅगरने ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. ढोलवादक चार्ली वॉट्स 2021 साली निवर्तला होता, आणि दोन गाण्यांत त्याचे आधी मुद्रित केलेले वादन होते. तिच्या परीक्षणांतही जुन्या शिखरांची नावे पुन्हा निघाली. त्या साऱ्या मजकुरात वाचकाने एवढेच शोधावे: ज्या दोन गाण्यांत वॉट्स वाजवतो आणि ज्या इतर गाण्यांत तो नाही, त्यांच्या लयीत काय फरक पडला आहे, हे कोणी सांगितले आहे काय? ज्याने ते सांगितले असेल, त्याने ती ध्वनिमुद्रिका ऐकली आहे. त्याचा निकाल पुढे चुकीचा ठरला, तरी त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.